हक्काची फिर्याद आणि गौरवाची गाथा : ‘चंदू चॅम्पियन’ची चिकित्सा

प्रास्ताविक

दक्षिण महाराष्ट्रातील एका अपंग सैनिकाच्या आयुष्यावर मोठ्या खर्चाचा हिंदी चित्रपट निघावा, ही घटना आपल्याकडील समीक्षेने गांभीर्याने घ्यावी अशी होती. १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेला, कबीर खान यांनी दिग्दर्शित केलेला ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट मुरलीकांत राजाराम पेटकर यांच्या जीवनावर बेतलेला आहे. पेटकर हे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील पेठ-इस्लामपूर परिसरातले. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. कार्तिक आर्यन या अभिनेत्याने साकारलेला हा नायक क्रीडापटांच्या रूढ पठडीत सहज बसतो, आणि बहुतेक चर्चा त्याच पठडीत झाली. प्रस्तुत लेखात मात्र या चित्रपटाचा विचार अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या अंगाने करावयाचा आहे. तसे करण्याचे कारण बाहेरून आणलेले नाही. चित्रपटाच्या रचनेतच ते आहे.

चित्रपटाची चौकट फिर्यादीची आहे. वृद्ध मुरलीकांत पोलीस ठाण्यात येतो आणि आपल्याला अर्जुन पुरस्कार न दिल्याबद्दल थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवा, असा आग्रह धरतो. श्रेयस तळपदे यांनी रंगवलेला फौजदार आधी हसतो, मग कंटाळतो, मग ऐकू लागतो. आणि त्या ऐकण्यातून पूर्वायुष्य उलगडते. ही कल्पना मला या चित्रपटातील सर्वांत मोलाची वाटते. एरवी अपंगाची गोष्ट सांगताना आपले लेखक-दिग्दर्शक दयेची किंवा जिद्दीची चौकट निवडतात. येथे प्रथमच एका मोठ्या चित्रपटाने अपंग माणसाला तक्रारदाराच्या खुर्चीत बसवले आहे. तो काही मागायला आलेला नाही, आपले देणे वसूल करायला आला आहे. प्रश्न असा, की दिग्दर्शकाने ही चौकट अखेरपर्यंत पेलली का? माझे उत्तर नकारार्थी आहे आणि त्याची कारणे पुढे मांडत आहे.

उपेक्षा आणि भेदभाव

चित्रपटात बालवयीन मुरलीच्या मनावर ठसणारी प्रतिमा खाशाबा जाधवांची आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा कराड परिसरात बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झालेले स्वागत आजही या भागात सांगितले जाते. ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांना वर्गणी गोळा करावी लागली होती, हेही सांगितले जाते. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. खाशाबा आणि मुरलीकांत यांना एका धाग्यात ओवण्याची पटकथेची युक्ती भावनेच्या पातळीवर उत्तम साधली आहे. सातारा आणि सांगली असे आज वेगळे म्हणावे लागते. परंतु पेटकरांचा जन्म १९४४ चा, आणि त्या वेळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे दोघे एकाच मातीतले, एकाच तालमीच्या संस्कृतीतले. (ज्या वर्षी पेटकर जन्मले त्या वर्षी याच टापूत प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगावी तंटे सोडवीत होती. सत्तेपुढे फिर्याद मांडण्याची ही परंपरा पटकथेच्या हाताशी होती; तिला वाट्याला आली ती फक्त मराठी वळणाची हिंदी आणि फेटे.)

तथापि विचाराच्या पातळीवर ही तुलना दिशाभूल करणारी आहे. खाशाबांच्या वाट्याला आली ती उपेक्षा. पेटकरांच्या बाबतीत उपेक्षेच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी अमान्य झाली, आणि आपण अपंग असल्याने ती अमान्य झाली, असे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. विस्मरणातून झालेला अन्याय आणि वर्गीकरणातून झालेला अन्याय यांत मूलभूत फरक आहे. पहिल्याला स्मारक, मिरवणूक, टपाल तिकीट यांनी काही प्रमाणात उत्तर देता येते. दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर ‘हे वर्गीकरण कोणत्या आधारावर केले?’ असे विचारावे लागते. कायद्याच्या भाषेत हा भेदभावाचा प्रश्न होय. चित्रपट मात्र दोन्ही अन्यायांना ‘विसरलेला वीर’ या एकाच नावाने संबोधतो, आणि तेथेच फिर्यादीची धार बोथट होते.

१९८२ मध्ये पेटकरांच्या हाती कोणते साधन होते, हेही पाहिले पाहिजे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात भेदभावास मनाई करणारे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे आधार नमूद आहेत; अपंगत्व त्यांत नाही. ४१ व्या अनुच्छेदात विकलांगतेचा उल्लेख आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयातून अंमल करून घेता न येणाऱ्या भागात. उरतो १४ वा अनुच्छेद, समानतेचा. आणि त्याच्या आधारे उच्च न्यायालयात रिट अर्ज. सैन्यातून जखमी होऊन आलेल्या, पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाने एका क्रीडा पुरस्कारासाठी तो मार्ग धरावा, अशी अपेक्षा तेव्हा कोणीच केली नसती. अपंग व्यक्तींच्या समान संधीचा व हक्कसंरक्षणाचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा त्यानंतर १३ वर्षांनी, १९९५ मध्ये आला.

चित्रपटातील पोलीस ठाण्याचा प्रसंग घडतो तो पद्मश्रीच्या आधीचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा काळ. आणि नेमक्या त्याच वर्षी, १९ एप्रिल २०१७ पासून, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अमलात आला. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला अनुसरून तो करण्यात आला. या कायद्यात भेदभावाची व्याख्या आहे, आणि वाजवी सोयी नाकारणे हाही भेदभावच होय असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे. कलम ३० तर क्रीडेविषयीच आहे : खेळात सहभागी होण्याच्या अपंगांच्या हक्काची क्रीडा प्राधिकरणांनी यथोचित दखल घ्यावी आणि आपल्या योजनांत त्यासाठी तरतूद करावी, असे ते सांगते. तक्रार नेण्यासाठी दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. महाराष्ट्रात ते पुण्याला आहे. या साऱ्याला कथेत काही स्थान मिळालेले नाही. ठाण्यात बसलेल्या म्हाताऱ्याला ‘काका, ही तक्रार इथं नाही, तिथं द्या’ असे सांगणारा एकही माणूस त्या खोलीत असू नये, हे वास्तवाला धरून असेलही. परंतु दिग्दर्शकाला त्याची खंत वाटल्याचे जाणवत नाही.

फिर्याद चुकीच्या माणसाविरुद्ध आणि चुकीच्या जागी आहे, यातच विनोद आहे, असे कोणी म्हणेल. राष्ट्रपतींना ३६१ व्या अनुच्छेदाचे संरक्षण असते, आणि पुरस्कारार्थींची निवड निवड समितीच्या शिफारशीवरून क्रीडा मंत्रालय करते. तो विनोद मलाही आवडला. पण अशी फिर्याद योग्य जागी गेली तर काय होते, याचे उदाहरण चित्रपटाच्या कितीतरी आधीचे आहे. २०१४ साली मुष्टियोद्धा मनोजकुमार यांचे नाव अर्जुन पुरस्काराच्या यादीतून वगळले गेले. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि पुरस्कार त्यांना द्यावा लागला. अशी दाद मागता येते आणि मिळतेही. चित्रपटात मात्र फिर्यादीचे पुढे काय झाले हा प्रश्नच विरून जातो. ऐकणाऱ्यांची मने पाघळतात, नायकाचे मोठेपण सर्वांना पटते आणि सन्मान येतो. हक्काची मागणी हक्क म्हणून मान्य झाली नाही. मागणारा थोर निघाला म्हणून तिचे समाधान केले गेले.

न्यायालयाने दिलेला निकष

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर महिनाही लोटला नव्हता, तोच ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा विरुद्ध सोनी पिक्चर्स या प्रकरणात निकाल दिला. ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटातील अपंग पात्रांच्या चित्रणाविरुद्ध, स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका हक्क-कार्यकर्त्याने ही दाद मागितली होती. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांच्या पीठाने चित्रपटावर कारवाईचा आदेश दिला नाही. परंतु दृश्य माध्यमांतील अपंगांच्या चित्रणासाठी काही सूत्रे घालून दिली. साहित्य-चित्रपटाच्या अभ्यासकांनी हा निकाल समीक्षाग्रंथासारखा वाचावा, असे मी सुचवीन. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंगाला हिणवणारा विनोद असा भेद त्यात केलेला आहे. चित्रण करण्यापूर्वी अपंगांशी व त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करावा, असेही त्यात म्हटले आहे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे सूत्र असे, की अपंग व्यक्तीला जसे हास्यास्पद करू नये तसे अलौकिक शक्तीची व्यक्ती म्हणूनही रंगवू नये. कारण त्यातून असा अर्थ निघतो की असामान्य पराक्रम केला तरच अपंग माणूस सन्मानाने वागवला जाण्यास पात्र ठरतो.

हा निकष ‘चंदू चॅम्पियन’ला लावून पाहता काही गोष्टी त्याच्या बाजूने नोंदवल्याच पाहिजेत. पेटकर स्वतः चित्रपटाशी जोडलेले होते. रुग्णालयातील प्रसंगांत करुणेचा अतिरेक नाही. राजपाल यादव यांच्या टोपाझ या पात्राबरोबरची थट्टामस्करी ही बरोबरीच्या दोन माणसांमधली आहे. न्यायालयाने मान्य केलेल्या पहिल्या प्रकारच्या विनोदाचे ते चांगले उदाहरण ठरेल. विजय राज यांचा प्रशिक्षक टायगर अली दया दाखवीत नाही, हेही बरे.

मात्र चित्रपटाचा फार मोठा भाग जखमेपूर्वीच्या मुरलीचा आहे : कुस्ती, गावातून पलायन, सैन्यभरती, टोकियोची मुष्टियुद्ध स्पर्धा, १९६५ चे युद्ध. पाठीच्या कण्यात गोळी अडकल्यानंतरचे आयुष्य उरलेल्या वेळेत बसवायचे म्हटल्यावर त्यातले तलावाबाहेरचे जग गळून पडते. प्रसिद्धीतही बोलबाला झाला तो अभिनेत्याने भूमिकेसाठी घटवलेल्या चरबीचा आणि कमावलेल्या शरीराचा. कमरेखाली अधू झालेल्या माणसावरील चित्रपटाच्या जाहिरातीत एका धडधाकट देहाचे इतके कौतुक व्हावे, यातील विसंगती कोणाला फारशी खटकली नाही. अपंगाची भूमिका अपंग अभिनेत्यानेच करावी असा हट्ट मी धरणार नाही. पण पडद्यावर इतर एखाद्या भूमिकेत तरी असा अभिनेता ठळकपणे दिसतो का, हे विचारायला हरकत नसावी.

हायडलबर्गचेच उदाहरण घेऊ. त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिकला होते. पॅरालिम्पिक तेथे न होता हायडलबर्गला झाले. म्युनिकचे क्रीडाग्राम ऑलिम्पिकनंतर खाजगी सदनिकांसाठी वापरात आणायचे ठरल्यामुळे अपंग खेळाडूंना ते मिळू शकले नाही. शिवाय तोवर या स्पर्धा मुख्यतः पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठीच होत्या. अंध आणि अवयव गमावलेले खेळाडू १९७६ च्या टोरांटो स्पर्धेपासून आले. म्हणजे ज्या मैदानावर पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, ते मैदानच वेगळे काढून ठेवलेले होते. पुढे दहा वर्षांनी दिल्लीत त्यांना ऐकावे लागलेले उत्तर आणि म्युनिकचे ते क्रीडाग्राम यांच्यामागे एकच समजूत आहे : हे खेळाडू खरे, पण निराळे. पटकथेने हा दुवा जोडला असता, तर ठाण्यातील फिर्याद एका माणसाच्या तक्रारीपुरती राहिली नसती. चित्रपटाला तिरंगा आणि घड्याळ एवढेच पुरेसे वाटले.

गाळलेली वर्षे

१९७२ आणि २०१७ यांच्यामध्ये ४५ वर्षे आहेत. त्यांवर चित्रपट फारसा थांबत नाही. सुवर्णपदकानंतर अपंग माणूस घर कसे चालवतो, कामावर कसा जातो, जिना कसा चढतो, या प्रश्नांना नाट्यमूल्य कमी, हे मान्य. परंतु हक्कांचा सारा कायदा याच कंटाळवाण्या वर्षांविषयी आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येणार नाही, ही तरतूद १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होती. पाय गमावलेल्या एका निमलष्करी शिपायाच्या प्रकरणात, कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे लागू केली. २०१६ च्या कायद्याचे कलम २० तेच संरक्षण देते. पण १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने सशस्त्र दलांतील लढाऊ कर्मचाऱ्यांना या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवले. याचा अर्थ असा, की १९६५ च्या मुरलीकांतसारखा जवान आज जखमी झाला, तर कलम २० च्या आधारे त्याला सेवेत राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. निवृत्तिवेतनाची व्यवस्था निराळी आहे. हक्काचा मुद्दा निराळा आहे. सैनिकाच्या शौर्याला इतक्या वेळा वंदन करणाऱ्या चित्रपटाला हा प्रश्न सुचला नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन येथे आठवते. तरुणपणी कमरेखालची हालचाल गमावलेल्या या बाईंनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. एकटा अपंग माणूस कितीही जिद्दीचा असला तरी वसतिगृह, रोजगार आणि चाकाची खुर्ची जाईल असा दरवाजा यांची तजवीज इतरांच्या साथीनेच होते, हे त्यांच्या कामातून दिसते. तुलनेने चित्रपटातील मुरली विलक्षण एकटा आहे. त्याच्याभोवती मदत करणारे आहेत, पण त्याच्यासारखेच अपंग असलेले आणि एकत्र येऊन काही मागणारे सोबती जवळजवळ नाहीत. हक्कांची चळवळ नेहमी अशा सोबत्यांमधून निर्माण झाली आहे. वीरगाथेला मात्र नायकाचे एकटेपण सोयीचे असते.

येथे शब्दांविषयी थोडे. ‘अपंग’ हा शब्द आता सरकारी कागदांतून जवळजवळ गेला आहे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवलेला ‘दिव्यांग’ रूढ झाला आहे. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला आक्षेप घेतला होता. मला त्या आक्षेपात तथ्य वाटते. ‘दिव्य’ या विशेषणात तीच अलौकिकतेची अपेक्षा आहे, जिच्याविषयी न्यायालयाने इशारा दिला. कायद्याचे मराठी नाव लिहिताना मी तो शब्द वापरते, एरवी टाळते.

या चर्चेचा आपल्या महाविद्यालयांशी संबंध काय, असे वाचकांस वाटू शकेल. संबंध थेट आहे. २०१६ च्या कायद्यातील ‘सरकारी आस्थापना’ या संज्ञेत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. त्यामुळे तक्रार निवारण अधिकारी नेमणे (कलम २३) आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखणे (कलम ३२) ही अनुदानित महाविद्यालयांचीही जबाबदारी आहे. नॅकच्या सातव्या निकषात अडथळामुक्त परिसराविषयी विचारले जाते, म्हणून समितीच्या भेटीपूर्वी रॅम्प बांधले जातात. त्यांचा चढ इतका उभा असतो की त्यावरून चाकाची खुर्ची लोटण्यापेक्षा पायऱ्यांवरून उचलून नेणे सोपे पडावे. ‘चंदू चॅम्पियन’ आपल्या विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. पण तो पाहिल्यावर वर्गातील अस्थिव्यंग विद्यार्थिनीकडे वळून ‘बघ, मनात आणलं तर काय होऊ शकतं’ असे कोणी म्हणाले, तर तिच्यावर आपण नकळत एक ओझे टाकतो. तिला सुवर्णपदक नको असेल. दुसऱ्या मजल्यावरचा तास खालच्या मजल्यावर हवा असेल. २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयीचा अर्थ जो विशद केला तो हाच : व्यक्तीची गरज पाहून व्यवस्थेने बदलायचे. त्या प्रकरणात प्रश्न होता परीक्षेत लेखनिक मिळण्याचा.

चित्रपटानंतरच्या घटना चित्रपटाइतक्याच विचार करायला लावणाऱ्या आहेत. २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेल्या पेटकरांना १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते २०२४ चा अर्जुन पुरस्कार जीवनगौरव म्हणून प्रदान झाला. कुबड्यांच्या आधाराने ते व्यासपीठाकडे गेले आणि सभागृह उभे राहिले. त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी होते. बालपणीच्या अपघातात हात अधू झालेल्या खिलारींनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरच्या फेकीसह रौप्यपदक मिळवले, आणि काही महिन्यांतच त्यांचे नाव यादीत आले. एका जिल्ह्यातील दोन खेळाडू, एकच यादी, आणि दोघांच्या प्रतीक्षेत चार दशकांहून अधिक अंतर. खिलारींसाठी कोणाला चित्रपट काढावा लागला नाही. मधल्या काळात कायदे झाले, धोरणे बदलली, २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधील सुवर्णपदकानंतर देवेंद्र झाझरिया यांना अर्जुन पुरस्कार मिळून गेला होता. पेटकरांना मिळाला तो जीवनगौरव आहे. १९८२ च्या नकाराचा फेरविचार वेगळाच, आणि त्याविषयी त्या समारंभात काही बोलले जाण्याचा प्रश्न नव्हता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील पीठ काम करू लागले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. शासकीय आदेशाने झालेल्या भेदभावाविरुद्ध दाद मागायला आता पेठ, करगणी किंवा गोळेश्वरच्या अपंग माणसाला मुंबईचा प्रवास करावा लागणार नाही. त्या न्यायालयाच्या दालनापर्यंत चाकाची खुर्ची विनासायास पोहोचते का, हे आपल्या विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एकदा जाऊन, मोजून, नोंदवून यावे.